सोपाऱ्याचा बाहिय आणि ‘मी’चा शोध

पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकावर उतरून पश्चिमेची वाट धरली म्हणजे दाट वस्ती ओलांडल्यावर जुन्या सोपारें गांवाच्या कडेस मातीचा एक प्रशस्त उंचवटा लागतो. गांवकरी त्यास पिढ्यान्‌पिढ्या ‘बुरुडराजाचा कोट’ म्हणत आले. हा बुरुडराजा इतिहासास ठाऊक नाहीं. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं हा उंचवटा खणविला, तेव्हां तो कोट नसून विटांचा बौद्ध स्तूप असल्याचें उघडकीस आलें. स्तूपाच्या पोटांत एक मोठी दगडी पेटी होती. पेटींत सात पूर्वबुद्ध आणि पुढें व्हावयाचा मैत्रेय अशा आठ लहान धातुमूर्ति वर्तुळाकार मांडलेल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध एक तांब्याचा करंडक. तांब्याच्या करंडकांत रुप्याचा करंडक, रुप्याच्यांत दगडाचा, दगडाच्यांत स्फटिकाचा, आणि स्फटिकाच्यांत सोन्याचा. सोन्याच्या करंडकाचें झांकण निघालें तेव्हां आंत हिरा नव्हता कीं माणीक नव्हतें. एका मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे होते.

हे तुकडे गौतम बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असा तर्क भगवानलालांनीं केला. तो तर्क खरा असो वा नसो, ज्या कोणी ही रचना केली त्याची दृष्टि मोठी मार्मिक म्हटली पाहिजे. बाहेरून आंत जावें तसतसा पदार्थ अधिक मोलाचा होत जातो, आणि अगदीं आंत, जेथें सर्वांत मोलाची वस्तु असावयाची, तेथें कुंभाराच्या चाकावरची माती हातास लागते. मनुष्य स्वतःस असाच एकेक झांकण काढून पाहूं लागला, तर शेवटच्या करंडकांत त्यास काय सांपडेल? शरीराच्या आंत इंद्रियें, इंद्रियांच्या आंत मन, मनाच्या आंत बुद्धि. आणि तिच्याही आंत? पूर्वेकडील तत्त्वज्ञानांनीं या एका प्रश्नाभोंवतीं अडीच हजार वर्षें वाद घातला. त्या वादांतील एक फार जुना आणि फार थोडक्यांत दिलेला निकाल ज्या माणसानें ऐकला, तो याच सोपाऱ्याचा राहणारा होता.

प्राचीन शूर्पारक तें हें सोपारें. महाभारतांत परशुरामाच्या कथेशीं त्याचा संबंध जोडलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकाच्या वृत्तांतांत आणि पुढें टॉलेमीच्या भूगोलांत त्याचें नांव येतें. अशोकाच्या चौदा गिरिलेखांपैकीं आठव्याचा तुकडा १८८२ सालींच येथें मिळाला, आणि नवव्याचा १९५६ सालीं भुईगांवाजवळ. आठव्यांत राजानें मृगयेच्या सहली सोडून धर्मयात्रा आरंभिल्याची हकीगत आहे. नवव्याचा विषय अधिक घरगुती आहे. आजारपणांत, लग्नकार्यांत, मूल झालें असतां किंवा प्रवासास निघतांना लोक नाना तऱ्हेचीं मंगलकृत्यें करितात. त्यांपेक्षां दासांशीं व चाकरांशीं नीट वागणें हें मोठें मंगल, असें सम्राटानें तेथें कोरून ठेविलें. दासांचा हा उल्लेख पुढें कामास येईल. बंदर कालांतरानें गाळानें भरलें आणि व्यापार इतरत्र गेला. २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, २०१४ सालीं पालघर जिल्हा झाला. आज सोपाऱ्याच्या खाडींत दर्यावर्दी उतरत नाहींत, आगगाडीनें मात्र लाखों माणसें रोज जातात येतात.

आतां त्या माणसाची कथा. पालि वाङ्मयांतील ‘उदान’ या ग्रंथांत बाहिय नांवाचा एक वल्कलधारी साधु येतो. तो सोपाऱ्यास समुद्रतीरीं राहात असे. लोक त्याला मानीत, पूजीत; अन्नाची, आसनाची, औषधाची त्यास वाण नव्हती. तो मूळचा कोण, हें सांगण्याचें काम मागाहून झालेल्या अट्ठकथांनीं केलें. त्यांच्या मतें बाहिय हा व्यापारी. माल भरून समुद्रमार्गें निघाला असतां त्याचें जहाज फुटलें, बाकीचे सारे बुडाले, आणि तो एकटा एका फळीच्या आधारानें सोपाऱ्याच्या किनाऱ्यास लागला. अंगावर चिंधीही उरली नव्हती. त्यानें झाडाच्या सालीचे तुकडे गुंफून अंगास गुंडाळले आणि एक पात्र मिळवून तो भिक्षेस निघाला. लोकांनीं तो वेष पाहिला आणि ठरविलें कीं, हा कोणी थोर विरक्त आहे. त्यांनीं चांगलीं वस्त्रें आणून पुढें ठेविलीं. बाहियानें तीं घेतलीं नाहींत. त्याचा हिशेब व्यापाऱ्याचाच होता: वस्त्र नेसलें कीं मान गेला. पुढें पुढें लोक त्याला अर्हत् म्हणूं लागले, आणि इतके लोक म्हणतात त्या अर्थीं आपण अर्हत् असलोंच पाहिजे, असें त्यासही वाटूं लागलें.

अट्ठकथाकारांस मनुष्यस्वभाव किती पुरता ठाऊक होता, हें या एका प्रसंगावरून दिसतें. समुद्रानें बाहियाचें धन नेलें, सोबती नेले, वस्त्र नेलें. ज्या ज्या वस्तूंवर मनुष्य ‘माझें’ म्हणून बोट ठेवितो त्यांतील एकही उरली नाहीं. अशा वेळीं निदान ‘मी’ तरी हलका व्हावयास हवा होता. झालें तें उलटच. नुकसानाच्याच भांडवलावर एक नवा ‘मी’ उभा राहिला, आणि तो पहिल्या, श्रीमंत ‘मी’हून अधिक चिवट निघाला. श्रीमंती टाकणारे पुष्कळ सांपडतात. श्रीमंती टाकल्याचा लौकिक टाकणारे विरळा.

पूर्वजन्मीं त्याची आप्त असलेली एक देवता एके दिवशीं त्यास भेटली, असें उदान सांगतें. तिनें त्याला स्पष्ट बजाविलें कीं, तूं अर्हत् नाहींस, आणि अर्हत् होण्याच्या मार्गावरही नाहींस. तो मार्ग जाणणारा पुरुष उत्तरेस श्रावस्तींत आहे. बाहिय त्याच पावलीं निघाला. कोंकणच्या किनाऱ्यावरून कोसल देशापर्यंतची ही वाट त्यानें वाटेंत कोठेंही एका रात्रीपलीकडे न थांबतां तोडली. जेतवनांत पोहोंचला तों बुद्ध भिक्षेसाठीं नगरांत गेलेले. हा त्यांच्या मागोमाग गेला आणि भर रस्त्यांत पाय धरून उपदेश मागूं लागला. ही वेळ नव्हे, असें उत्तर मिळालें. दुसऱ्यांदा मागितला, पुन्हां तेंच उत्तर. तेव्हां त्यानें सांगितलें कीं, तुमच्या आयुष्याचा काय भरंवसा, किंवा माझ्या तरी काय? तिसऱ्या वेळीं बुद्धानें उभ्या उभ्याच त्यास उपदेश केला.

त्या उपदेशाचा आशय असा. जें दिसतें त्यांत दिसण्यापलीकडे कांहीं मिसळूं नये. जें ऐकूं येतें त्यांत ऐकण्यापलीकडे. जें अंगास जाणवतें व जें मनानें कळतें त्यांतही जाणिवेपलीकडे कांहीं घालूं नये. असें साधलें म्हणजे त्या दिसण्यांत, त्या ऐकण्यांत ‘बाहिय’ म्हणून कोणी निराळा उभा राहावयाचा नाहीं; तो येथें नाहीं, तेथें नाहीं, मध्येंही नाहीं; आणि दुःखाचा शेवट तोच.

ऐकावयास हें गूढ वाटतें. परंतु विरारहून सकाळच्या गाडीनें मुंबईस जाणाऱ्या कोणासही त्याचा अर्थ कळण्यासारखा आहे. डब्याच्या गर्दींत कोणाचा तरी कोपर बरगडींत लागतो. कोपर लागला, एवढेंच घडलें. पण निमिषार्धांत त्यावर ‘मला लागला’ हा पहिला मजला चढतो, त्यावर ‘मुद्दाम लावला’ हा दुसरा, त्यावर ‘हा मला समजला कोण’ हा तिसरा. आणि दादर येईपर्यंत इमारतीचें काम चालूंच असतें. ज्याचा कोपर होता तो गृहस्थ कदाचित् वसईसच उतरून गेलेला असतो. बुद्धानें बाहियास कोपराची वेदना नाकारावयास सांगितली नाहीं. वरचे मजले बांधूं नयेत, इतकेंच सांगितलें.

या उपदेशामागें जी विचारसरणी आहे तिला बौद्ध ‘अनात्मवाद’ म्हणतात. मनुष्य म्हणून जें आपण ओळखतों तें पांच राशींचें मिळून झालेलें आहे: रूप म्हणजे शरीर, वेदना म्हणजे सुखदुःखाची जाणीव, संज्ञा म्हणजे ओळख, संस्कार म्हणजे मनाचे वळण व प्रवृत्ति, आणि विज्ञान म्हणजे भान. या पांचांतील प्रत्येक क्षणोक्षणीं बदलतो. त्यांचा कोणी कायमचा धनी सहावा म्हणून आंत बसलेला आहे, असें शोध केला असतां आढळत नाहीं. यासाठीं पालि ग्रंथांत जो दृष्टांत दिला आहे तो जणूं वसईकरांसाठींच दिला असावा. एखादा मनुष्य टणक लांकूड हवें म्हणून कुऱ्हाड घेऊन वनांत जातो, उंच सरळ केळ पाहून ती तोडतो, आणि सोपटामागून सोपट काढीत सुटतो. त्यास बाहेरचें नरम लांकूडही मिळत नाहीं, मग आंतलें टणक कोठून मिळणार? वसईच्या वाड्यांतील केळी पिढ्यान्‌पिढ्या नांवाजलेल्या आहेत, आणि तेथील गृहिणी म्हणतील कीं आंत गाभा असतो, त्याची भाजीही होते. तें खरें. पण त्या गाभ्याची फळी निघत नाहीं, आणि दृष्टांतांतल्या माणसास हवी होती ती फळी.

श्रोत्यांस येथें एक शंका साहजिकच येईल. आंत कोणी नसेल तर पाप कोणाचें, पुण्य कोणाचें, आणि घेतलेलें कर्ज फेडावें कोणीं? ही शंका नवी नव्हे. ‘मिलिंदप्रश्न’ या ग्रंथांत ग्रीक राजा मिलिंद नागसेन भिक्षूस नेमकी हीच विचारतो. नागसेनाचें उत्तर चोराच्या गोष्टीनें दिलेलें आहे. एकानें दुसऱ्याच्या वाडींतले आंबे चोरले, आणि पकडल्यावर तो म्हणाला कीं, यानें जमिनींत लावले ते आंबे निराळे, मीं तोडले ते निराळे. तेव्हां मीं याचें कांहीं घेतलें नाहीं. राजा त्यास सोडील काय? सोडणार नाहीं, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांपासूनच झाले. रात्रीच्या पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे, आणि अगदीं निराळीही नव्हे. वस्तु टिकत नाहीं, ओघ टिकतो. आणि जबाबदारीस ओघ पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. वच्छगोत्त नांवाच्या परिव्राजकानें बुद्धास सरळ विचारलें कीं, आत्मा आहे काय? बुद्ध गप्प राहिले. मग नाहीं काय? तरीही गप्पच. तो निघून गेल्यावर त्यांनीं आनंदास कारण सांगितलें. ‘आहे’ म्हणावें तर शाश्वतवाद्यांची बाजू घेतल्यासारखें होतें. ‘नाहीं’ म्हणावें तर आधींच गोंधळलेल्या त्या मनुष्यास वाटावयाचें कीं, पूर्वीं आपल्याजवळ आत्मा होता, तो आतां हरवला. बुद्धानें ‘कांहींच नाहीं’ असें शिकविलें, असा समज आपल्याकडे पुष्कळ शिकलेल्या घरांतूनही आहे. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनीं मूळ पालि ग्रंथ वाचून मराठींत बुद्धचरित्र व बुद्धविचार आणला, त्यालाही आतां पुष्कळ काळ लोटला. समज मात्र हटत नाहीं.

सोपाऱ्याच्या स्तूपापासून थोड्याच अंतरावर निर्मळ गांव आहे. तेथें शंकराचार्यांच्या परंपरेंतील समाधिस्थान म्हणून मानलें जाणारें मंदिर आहे, आणि कार्तिक वद्य एकादशीस तेथें मोठी यात्रा भरते. या दोन ठिकाणांमधलें अंतर सायकलीनें सहज तोडतां येतें. परंतु विचारांच्या नकाशावर तीं दोन टोकें समजलीं जातात. सोपाऱ्याच्या बाहियास सांगण्यांत आलें कीं, ‘तूं’ म्हणून कोणी सांपडणार नाहीं. आणि शंकराचार्यांचें सांगणें असें कीं, आत्मा हीच एक गोष्ट खरी, बाकी सारें त्याच्यावर भासणारें.

उपनिषदांतही सोपटें काढण्याचाच दृष्टांत आहे, पण झाड निराळें. कठोपनिषदांत म्हटलें आहे कीं, मुंजगवताच्या पात्यांतून जशी आंतली काडी धीरानें ओढून काढावी, तसा शरीरांतून आत्मा वेगळा करावा. केळ सोलली तर शेवटीं हातांत कांहीं राहात नाहीं. मुंज सोलली तर काडी राहाते. दोन्ही पंथ सोलीत होते एवढें खरें. प्रश्न इतकाच कीं, मनुष्य केळीच्या जातीचा कीं मुंजाच्या?

शंकराचार्यांचा मुख्य आक्षेप स्मरणाचा आहे. ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायांत ते बौद्धांस विचारतात कीं, प्रत्येक क्षण निराळा असेल तर काल पाहिलेली वस्तु आज ओळखतो तो कोण? पाहणारा एक आणि आठवणारा दुसरा, असा अनुभव जगांत कोणासच नाहीं. ‘मीच पाहिलें आणि मीच आठवतों’ असें प्रत्येकजण म्हणतो. या आक्षेपांत मोठें बळ आहे, आणि ज्योतीच्या दृष्टांतानें तें पुरतें खोडलें जात नाहीं. कारण ज्योतीस आपण काल जळत होतों हें आठवत नाहीं.

परंतु शंकराचार्यांचा आत्मा म्हणजे डब्यांत कोपर लागलेला ‘मी’ नव्हे, हें येथें नीट लक्षांत ठेविलें पाहिजे. बृहदारण्यकांत याज्ञवल्क्य आपल्या पत्नीस, मैत्रेयीस, मिठाच्या खड्याचा दाखला देतो. खडा पाण्यांत टाकला. आतां तो चिमटींत धरून बाहेर काढतां येणार नाहीं, आणि पाणी मात्र कोठूनही चाखलें तरी खारट. वसईच्या आसपासच्या मिठागरांतून पाण्याचें मीठ कसें होतें हें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना हा उलटा प्रवास सहज डोळ्यांपुढें येईल. खड्याचें खडेपण गेलें, खारटपणा उरला. याज्ञवल्क्य पुढें म्हणतो कीं, देहाबरोबर हें वेगळेपण गेलें म्हणजे वेगळी जाणीव राहात नाहीं. तें ऐकून मैत्रेयी घाबरली, आणि मला तुम्ही गोंधळांत पाडलें, असें तिनें नवऱ्यास स्पष्ट सांगितलें. तिची भीति वच्छगोत्ताच्या भीतीहून फार निराळी नव्हे. उपनिषदांचा आत्मा मिळावयाचा तर अगोदर ज्याला मैत्रेयी ‘मी’ म्हणते तो खडा विरघळावा लागतो. शंकराचार्यांना त्यांच्याच वैदिक प्रतिपक्ष्यांनीं ‘प्रच्छन्न बौद्ध’ म्हटलें तें निंदेच्या हेतूनें. पण निंदकांची नजर कधीं कधीं शिष्यांपेक्षां तीक्ष्ण असते.

जैनांनीं दोघांनाही नकार दिला. त्यांच्या मतें जीव खरा, नित्य, आणि संख्येनें अनंत; दिव्याचा उजेड जसा खोलीएवढा होतो तसा तो ज्या देहांत राहील त्या देहाएवढा होतो. चीन देशांत कन्फ्यूशियसच्या अनुयायांनीं आंत खणण्याची खटपटच फारशी केली नाहीं. त्यांच्या ज्या शब्दाचा अर्थ ‘माणुसकी’, तो लिहितांना ‘मनुष्य’ आणि ‘दोन’ हीं चिन्हें जोडून लिहितात. पुत्र, बंधु, मित्र, प्रजाजन या नात्यांत उभा राहतो तोच मनुष्य. हा विचार आपल्या एकत्र कुटुंबांस फार लवकर पटला असता. असो.

एवढा सगळा वाद व्यवहारांत कशास लागतो, याचें उत्तरही सोपाऱ्याच्याच एका माणसाच्या चरित्रांत आहे. ‘दिव्यावदान’ या संस्कृत ग्रंथांत शूर्पारकाच्या भव नांवाच्या श्रीमंत गृहस्थाची कथा आहे. त्यास पत्नीपासून तीन मुलगे आणि एका दासीपासून चौथा; त्या चौथ्याचें नांव पूर्ण. बाप मेल्यावर भावांत वांटणी झाली. एकाकडे घर व शेतें गेलीं, एकाकडे दुकान व परदेशचा माल. आणि दासीचा मुलगा म्हणून पूर्ण हा स्वतःच एक वांटा ठरून थोरल्या भावाकडे गेला. वांटणीच्या यादींत आपलें नांव वारसांच्या रकान्यांत नसून मालाच्या रकान्यांत आहे, हें ज्यानें पाहिलें, त्याला ‘मी कोण’ हा प्रश्न विचारावयास उपनिषद वाचावें लागत नाहीं.

पूर्ण हुशार होता. थंडीनें कुडकुडत लांकडें विकणाऱ्या एका मोळीवाल्याच्या मोळींत त्यास मोलवान चंदन दिसलें. तें त्यानें विकत घेतलें, आणि राजास ताप आला तेव्हां तें दामदुप्पट किंमतीस विकलें. त्यावर त्याचा व्यापार वाढला आणि त्यानें समुद्रावरून फेरीमागून फेरी केली. सातव्या फेरीस श्रावस्तीचे व्यापारी जहाजावर होते. ते पहांटे जें पठण करीत त्यांत ‘बुद्ध’ हा शब्द त्याच्या कानीं आला, आणि पुढें तो घरदार सोडून भिक्षु झाला.

यानंतरचा प्रसंग पालि ग्रंथांतही आहे. पूर्णानें बुद्धाजवळ सुनापरान्त देशीं, म्हणजे परंपरेप्रमाणें याच किनाऱ्याच्या प्रदेशांत, जाण्याची परवानगी मागितली. तेथील लोक तापट आहेत, ते शिव्या देतील तर? ‘हाताने मारलें नाहीं, भले आहेत,’ असें मला वाटेल, असें पूर्णानें सांगितलें. हातानें मारतील तर? ढेकळें फेंकलीं नाहींत. ढेकळें फेंकतील तर? काठी चालविली नाहीं. काठी? शस्त्र चालविलें नाहीं. शस्त्र? जीव घेतला नाहीं. आणि जीव घेतला तर? देहास कंटाळलेले कित्येक मारेकरी शोधीत हिंडतात. मला न शोधतां मिळाला, असें समजेन. तेव्हां बुद्धानें त्यास जाण्यास अनुमति दिली.

हा संवाद सहनशीलतेचा नमुना म्हणून सांगितला जातो. त्यांत आणखी एक गोष्ट आहे. उत्तर देणारा हा माणूस ज्यास लोकांनीं कधींच मोजलें नाहीं अशांपैकीं होता. आणि शिवी जेथें जाऊन बसावयाची ती जागाच त्यानें रिकामी करून ठेविली होती. दासीपुत्र म्हटलें, तर कानांनीं ऐकलें इतकेंच. तो शब्द चिकटावयास आंत कोणी नव्हता.

अपमानाचें ओझें ज्यांनीं वाहिलें त्यांच्यासाठीं अनात्मवाद हा पंडितांचा खेळ राहात नाहीं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. १९५७ सालीं, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथांत आत्म्यावरील विश्वास त्यांनीं अधम्मांत घातला आहे. कारण उघड आहे. एकच आत्मा जन्मोजन्मीं आपलें कर्म घेऊन हिंडतो, आणि आजची हीन जात हें त्या कर्माचें फळ, असें ज्यांच्या पूर्वजांना हजार वर्षें ऐकविलें गेलें, त्यांच्या दृष्टीनें तो आत्मा म्हणजे गळ्यांत बांधलेला दगड होता. अद्वैताच्या बाजूनेंही एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. काशींत शंकराचार्यांनीं वाटेंत आलेल्या चांडाळास बाजूस हो म्हटलें, तेव्हां त्यानें विचारलें कीं, बाजूस व्हावयाचें कोणीं, अन्नानें वाढलेल्या या देहानें कीं सर्वत्र एकच असलेल्या चैतन्यानें? आचार्यांनीं त्याला गुरु मानून वंदन केलें, असें कथा सांगते. कथा सुंदर आहे, आणि ती सांगणारीं घरें पुष्कळ होतीं; त्याच घरांच्या विहिरींवर ती क्वचितच पोहोंचली.

वसईच्या खाडीच्या दक्षिणेस गोराई येथें २००९ सालीं मोठा विपश्यना पगोडा उभा राहिला. तेथें ध्यानास बसणाऱ्यांना शरीरावरील वेदना येते तशी पाहावी, तीवर ‘माझी’ म्हणून शिक्का मारूं नये, असें शिकवितात. बाहियास रस्त्यांत जें मिळालें त्याचाच हा विस्तार म्हणावयास हरकत नाहीं. फरक इतका कीं, बाहियास वेळ फार थोडा होता.

उपदेश ऐकतांच त्याचें चित्त मोकळें झालें, असें उदान सांगतें. अट्ठकथा पुढची हकीगत देतात. त्यानें तेथेंच प्रव्रज्या मागितली. पात्र आणि चीवर आहे काय, असें बुद्धांनीं विचारलें. त्याच्याजवळ दोन्ही नव्हतें. तेव्हां तीं मिळविण्यासाठीं तो नगरांतल्या उकिरड्यावर चिंध्या शोधीत हिंडूं लागला. सोपाऱ्यास लोकांनीं पायाशीं आणून ठेविलेलीं वस्त्रें ज्यानें मान जाईल म्हणून परत केलीं, तोच बाहिय आतां टाकलेल्या चिंध्या वेंचीत होता. इतक्यांत वासरूं जवळ असलेल्या एका गाईनें त्याला शिंगावर घेतलें. भोजन करून बुद्ध भिक्षूंसह नगराबाहेर पडले तेव्हां त्याचा देह वाटेंत पडलेला त्यांस दिसला. हा तुमचा सब्रह्मचारी आहे, असें त्यांनीं भिक्षूंस सांगितलें, आणि त्यास बाजेवर घालून नेऊन दहन करावयास व त्याच्यावर स्तूप बांधावयास लाविलें.